डाग गोळी होऊन बसतो, सांध्यात उतरतच नाही

चांदीचं काम शिकायला लागलेल्या प्रत्येकाला ही अडचण येते, आणि सुटली असं वाटेपर्यंत पुन्हा येते. सांधा घासून जुळवलेला असतो, टाकणखार लावलेला असतो, वर डागाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, बारीक तुकडा ठेवलेला असतो. ज्योत धरली की डाग वितळतो खरा, पण पाऱ्यासारखी गोळी होऊन जागच्या जागी बसतो. आणखी तापवावं तर गोळी तशीच राहते आणि शेजारची चांदी लोण्यासारखी खाली बसते. कधी डाग पळतो, पण सांध्यात जायचं सोडून एकाच बाजूच्या अंगावर पसरतो. आणि कधी सांधा छान जुळलेला दिसतो, आपण खूश होऊन वेढणं (साधी अंगठी) गोल गजावर चढवतो, हलकी हातोडी मारतो, आणि टच्‌कन उघडतो.

मी सांगलीत राहते आणि घराच्या मागच्या पडवीत हे काम करते. मला शिकवणारे मामा मूळचे हुपरीचे, आयुष्यभर पैंजणांचं झाळकाम केलेले, आता मुलाकडे इथे असतात. हुपरी कोल्हापूर जिल्ह्यात मोडते, पण चांदीच्या बाबतीत आम्हा सांगलीकरांना ते माहेरच. डागाला कुणी झाळ म्हणतं, हिंदीतून आलेला टाकाही चालतो, आणि सोल्डर म्हटलं तरी दुकानदार ओळखतो. मी इथे डागच म्हणते.

पहिल्या पावसाळ्यात मी अकरा वेढणी केली, त्यातली चार टिकली. बिघडलेली सात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून मामांपुढे ठेवली. दोष बहुधा डागात असावा, दुकानदाराने हलका माल दिला असावा, असं भाषण मी तयार ठेवलं होतं. मामांनी काही न विचारता वर्तमानपत्रावर सातही ओतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तीन ढीग केले. एकात चार, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक. पुढचं सगळं त्या तीन ढिगांच्याच क्रमाने सांगते, कारण तेव्हापासून माझं काम बिघडलं की ते याच तिन्हींपैकी एका ढिगात जातं. चौथा प्रकार नंतर कळला, तो शेवटी.

पहिला ढीग: आच चुकीच्या जागी

चार वेढण्यांवर गोळ्या तशाच बसलेल्या. मामा म्हणाले, “ताई, चांदीला तापवायचं सोडून डागाला कशाला जाळताय?”

एवढ्या एका वाक्यात निम्मा रोग आहे. आपली समजूत अशी की डाग वितळवायचा म्हणजे ज्योत डागावर धरायची. मेणबत्तीचं मेण टपकवतो तसं. पण डाग सांध्यात जातो तो सांध्याच्या दोन्ही बाजूंची चांदी स्वतःच डाग वितळण्याइतकी तापलेली असेल तरच. गार चांदीवर वितळलेला डाग तिला भिजवत नाही, तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा आपल्यातच गोळा होतो.

त्यात चांदीचा स्वभाव आडवा. सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारी ती चांदी, तांबंसुद्धा तिच्या मागे. सांध्यावर धरलेली आच तिथे थांबत नाही, पूर्ण वेढण्यात पळते. पितळेचं किंवा लोखंडाचं काम केलेल्यांना इथेच चकवा बसतो, कारण तिथे एका जागी ज्योत धरून भागतं. चांदीचा दागिना अख्खा तापवावा लागतो, त्याला पर्याय नाही.

डाग आधी वितळून वाट बघत बसला तर आणखी एक नुकसान होतं. डागात चांदी आणि तांब्याबरोबर जस्त असतं आणि जस्तामुळेच तो चांदीच्या आधी वितळतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, पण त्याच्या बऱ्याच खालीही वितळलेल्या डागातून ते थोडं थोडं उडत राहतं. (इथे सगळे अंश सेल्सियसमध्ये.) जितका वेळ गोळी ज्योतीत राहील तितकं जस्त कमी होतं आणि तिचा वितळणांक वर सरकतो. म्हणून हट्टाला पेटलेली गोळी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तापवून उतरत नाही. तिच्याशी भांडू नका. काम थंड करा, गोळी कानशीने काढा, सांधा पुन्हा साफ करा आणि नवा तुकडा घ्या. मी एका गोळीपायी दोन वेढणी वितळवली आहेत.

मग करायचं काय? ज्योत मोठी आणि मऊ ठेवा, फुरफुरणारी टोकदार निळी नको. सुरुवात सांध्याच्या समोरच्या बाजूने, म्हणजे सांध्यापासून सर्वांत लांबच्या अंगाने करा. ज्योत गोल फिरवत राहा, आरती ओवाळतो तशी, आणि पूर्ण वेढणं तापत आलं की मगच सांध्याकडे या. तिथेही दोन्ही बाजूंना सारखी आच द्या. डाग नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावतो, त्यामुळे एकाच अंगावर पसरला तर समजा की दुसरं अंग गार होतं. हा त्याचा गुण उलटा वापरता येतो: डाग सांध्याच्या वरून ठेवायचा आणि ज्योत खालून द्यायची, म्हणजे तो स्वतःच आचेकडे खेचला जाऊन सांध्यातून खाली उतरतो.

कधी थांबायचं हे टाकणखार सांगतो. तापवल्यावर आधी तो लाह्यांसारखा फुलतो, कारण त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं. या फुलण्यातच डागाचा तुकडा उडून भलतीकडे जातो, नवशिक्यांचा अर्धा वेळ तुकडे शोधण्यात जातो तो यामुळे. आजी तोंड आल्यावर टाकणखाराची लाही करून द्यायची, तेच इथे करा. आधी लोखंडी पळीत तो फुलवून घ्या, कुटा, पाण्यात कालवा आणि मग लावा. पुन्हा फारसा फुलत नाही. तापत गेल्यावर पांढरा थर दिसतो आणि साधारण ७४० अंशांच्या आसपास तो काचेसारखा पारदर्शक होऊन वाहू लागतो. ही खूण दिसली की डाग आता हाकेच्या अंतरावर आहे. क्षणभर आणखी धरा, सांध्यात एक रुपेरी रेघ सर्रकन पळेल. पळाली की ज्योत बाजूला. “अजून थोडं, खात्रीसाठी” असं म्हणून धरलेल्या ज्योतीने मी जेवढं बिघडवलंय तेवढं घाईने नाही बिघडवलं.

आता माझ्या पडवीबद्दल. पहिले दोन महिने मी दुपारी काम करायची, कारण उजेड चांगला. तोच उजेड मला फसवत होता. चांदी तापून मंद लाल झालेली भर उन्हात दिसतच नाही. आपल्याला ती पांढरी दिसते, म्हणून आपण आणखी तापवतो, आणि ती लाल दिसू लागते तेव्हा वितळायच्या बेतात असते. मामा संध्याकाळी दिवा लावायच्या आधीच्या वेळी डाग द्यायचे, का ते मला तेव्हा कळलं. मी आता खिडकीला गोणपाट लावते. आणि पंखा बंद. वाऱ्याची झुळूक एका बाजूची आच नेते आणि डाग दुसरीकडे पळतो. एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद करून ज्योतीपुढे बसणं ही साधी गोष्ट नाही, पण भर उन्हात हळद शिजवणाऱ्या लोकांच्या जिल्ह्यात तक्रार तरी कुणापुढे करायची.

खाली काय ठेवता यालाही महत्त्व आहे. मी बांधकामावरची लाल वीट घेतली होती. ती आच पिऊन टाकते, आणि पावसाळ्यात ओल धरली असेल तर तापल्यावर फटकन तडकते, एकदा तुकडा चष्म्यावर आला. भट्टीसाठी वापरतात ती हलकी पांढरी वीट घ्या, नाहीतर लाकडी कोळशाचा सपाट तुकडा. कोळसा आच परत फेकतो आणि आसपासचा प्राणवायू खाऊन चांदी काळी पडू देत नाही. स्वयंपाकघरातल्या पुडिंगवर फिरवायच्या छोट्या टॉर्चवर वेढणं किंवा कुडी जमते, पाटली नाही जमत. जाड कड्याला त्याने डाग द्यायचा प्रयत्न म्हणजे चुलीवर विहीर तापवणं. मामा अजूनही दिव्याच्या वातीवर फुंकणीने काम करतात. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, ज्योत न तुटू देता. मी महिनाभर प्रयत्न केला, चक्कर आली, नाद सोडला.

खड्याचं घर बसवताना हीच चूक जास्त महाग पडते. पातळ पट्टीचं घर आणि खाली जाड पत्रा. वरून ज्योत दिली की पट्टी वितळते आणि पत्रा अजून गारच. तिथे तिवईवर लोखंडी जाळी ठेवून खालूनच तापवायचं, ज्योत घराला लागू द्यायचीच नाही.

दुसरा ढीग: फट आणि काच

यावर फार लिहायला नको. डाग फट भरत नाही. तो दोन चिकटलेल्या कडांमधून केशाकर्षणाने चढतो, फट दिसत असेल तर तो चढणार नाही. जुळवलेला सांधा खिडकीपुढे धरा. उजेड आरपार दिसला तर पुन्हा कानस. तार आधी लालसर तापवून नरम करून घ्या, नाहीतर तिची ताठ टोकं तापल्यावर आपोआप उघडतात. घासल्यावर सांध्याला बोट लावू नका, तेलकट बोटाचा ठसासुद्धा पुरतो.

पण त्या दोन वेढण्यांपैकी एकाने मला खरंच चकित केलं. त्यात डाग गेलाच नव्हता. सांधा धरून ठेवला होता तो वितळून गार झालेल्या टाकणखाराने. तो काचेसारखा कडक होतो, सांध्यात भरतो, चमकतो, आणि हातोडी बसेपर्यंत डागच वाटतो. म्हणून डाग दिल्यावर लगेच कानस लावू नका, आधी लिंबूफुलाच्या कढत पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. काच विरघळते, काळेपणा जातो, आणि खरा डाग आहे की नाही ते उघडं पडतं. कानसही वाचते, कारण ती काच कानशीचे दात खाते. हुपरीकडे चिंच आणि तुरटीचं पाणी वापरायची जुनी पद्धत, तीही चालते. गंधकाम्ल वापरणार असाल तर आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही.

या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवू नका. त्यात विरघळलेलं तांबं लोखंडामुळे चांदीवर चढतं आणि सगळं काम गुलाबी होतं. चिमटा बांबूचा किंवा तांब्याचा.

तिसरा ढीग: टंच

एकच वेढणं, पण सगळ्यात शिकवणारं. डाग अजून चकाकलाही नव्हता आणि वेढणं एका क्षणात थबकन बसलं. आधी वाकलं नाही, मऊ पडलं नाही, सरळ पाणी झालं. ते मी घरातल्या एका तुटक्या जुन्या पैंजणाची चांदी आटवून केलं होतं.

“टंच काढलाय का ह्याचा?” मामांनी विचारलं. टंच म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती. नव्हता काढला. चांदी ती चांदी, असा माझा हिशेब.

आमच्या जिल्ह्यात राहून हे अज्ञान शोभत नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई करणारी माणसं भारतभर पसरली आहेत; कुठल्याही राज्यातल्या सराफ बाजाराच्या बोळात सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारं दुकान दिसलं तर आत माणदेशी मराठी ऐकू यायची शक्यता बरीच. मामांच्या ओळखीचे असेच एक गृहस्थ परराज्यातली गादी मुलांवर सोपवून विट्याला परत आलेत. त्यांच्याकडे उरलेला तुकडा नेला. टंच ७४ निघाला.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते त्यांनी अंगणात बसून समजावलं. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. तांबं मिसळत गेलं की आकडा खाली येतो, आणि ७२ टक्के चांदी, २८ टक्के तांबं या मिश्रणाला तो सर्वांत खाली, ७८० च्या जवळ जातो. त्या प्रमाणात मधली मऊ अवस्थाच नसते, घट्टाचं थेट पाणी. ९२.५ टंचाची चांदी मात्र ८०० च्या थोडं वर वितळू लागते आणि पूर्ण पातळ व्हायला ८९० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे तुम्हाला सावरायला वाव मिळतो. माझं ७४ टंचाचं वेढणं ७८० ला पाणी होणार, आणि मी वापरत होते तो कडक (जास्त आचेला वितळणारा) डाग पूर्ण वाहायलाच ७८० च्या आसपास जातो. डाग आणि दागिना दोघं एकाच गाडीने निघालेले.

तेव्हा आधी टंच, मग डाग. सराफाकडच्या मशीनवर तो काही मिनिटांत कळतो. शिकताना ९२.५ चीच चांदी घ्या. जुन्या पैंजणांचा टंच बहुतेक वेळा याच्या बराच खाली असतो, त्यांना नरम, म्हणजे कमी आचेला वितळणारा, डागच द्या.

डाग घरीही करता येतो आणि मामा तसाच करतात: दोन भाग चांदी, एक भाग पितळ. हिशेब करून पाहिला. पितळ ६५ टक्के तांबं आणि ३५ टक्के जस्ताचं धरलं तर डागात सुमारे ६७ टक्के चांदी, २२ टक्के तांबं, ११-१२ टक्के जस्त येतं, म्हणजे बाजारातल्या मध्यम आणि नरम डागाच्या अधेमधे. तीन भाग चांदी घेतली की तो कडक होतो. मुशीत आधी चांदी वितळवायची आणि पितळ शेवटी टाकायचं, उलट केलं तर जस्त धूर होऊन निघून जातं. पितळ पत्र्याचं घ्या. नळाची तोटी किंवा लेथवर कातलेल्या भागांचं पितळ नको, त्यात कातायला सोपं जावं म्हणून शिसं घातलेलं असतं. ते का नको, ते खाली.

विकतचा डाग घेताना कॅडमियमविरहित आहे का, हे तोंडाने विचारा. कॅडमियमचा डाग सुंदर पळतो, म्हणून कारागिरांना तो आवडतो. पण त्याचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खातो आणि लगेच काही जाणवत नाही, हीच त्यातली मेख. तापवताना पिवळट-तपकिरी धूर दिसला तर ज्योत बंद करून बाहेर या. जस्ताचा धूर पांढरा असतो. तोही नाकात घ्यायचा नाही, रात्री थंडी वाजून ताप भरतो.

दुसरा डाग देताना पहिला उघडतो

वेढण्याला खड्याचं घर जोडायला जावं आणि वेढण्याचाच जुना सांधा सुटावा, ही तक्रार बरेच जण करतात. साधी गोष्ट: पहिला डाग कडक, पुढचा मध्यम, शेवटचा नरम. तुकडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर नावं लिहा, कारण दिसायला तिन्ही सारखेच. एकाच प्रकारचा डाग हाताशी असेल तर गेरू पाण्यात दाट कालवून जुन्या सांध्यावर लिंपा. गेरू असेल तिथे डाग वाहत नाही. दिवाळीत अंगण सारवायला आणलेला उरलेला गेरू चालतो. फक्त नव्या सांध्याकडे त्याचा ओघळ जाऊ देऊ नका, नाहीतर तिथेही डाग फिरकणार नाही आणि तुम्ही पुन्हा पहिल्या ढिगापाशी याल. मी आले होते.

चौथा प्रकार: करडी रेघ

हे माझ्या आत्याच्या पैंजणावर घडलं. कडी तुटली होती, मी मोठ्या आत्मविश्वासाने घेतली. टंच काढला, नरम डाग घेतला, संध्याकाळी बसले. तापवताच सांध्याजवळ करडे ठिपके उमटले, ठिपक्यांचे खड्डे झाले आणि खड्ड्यांची भोकं. ज्योत काढली तरी शेजारच्या दोन कड्या कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

मामांनी नखाने एक करडी रेघ खरवडली. ती नखाने खरवडली गेली, इथेच निदान झालं. पूर्वी कधीतरी कुणीतरी ते पैंजण रेडिओ दुरुस्तीच्या कथील-शिशाच्या डागाने जोडलं होतं. तो १८३ अंशांना वितळतो, रेडिओच्या तारांना ठीक आहे. पण त्याच्यासकट चांदी ७०० अंशांपर्यंत नेली की शिसं आणि कथील चांदीत शिरतात आणि तिला खात सुटतात. एकदा शिरले की काढता येत नाहीत.

तेव्हापासून दुरुस्तीला आलेला कुठलाही जुना दागिना मी ज्योत लावण्याआधी भिंगातून बघते. सांध्यावर मंद करडा, न चमकणारा, चाकूच्या टोकाने सहज खरवडला जाणारा थर दिसला तर आधी तो काढते. हलक्या ज्योतीने पातळ करायचा, जाड सुती चिंधीने चटकन पुसायचा, राहिलेला खरवडायचा. त्या कामाची कानस वेगळी, तिला मी लाल दोरा बांधलाय, ती चांगल्या चांदीला कधी लागत नाही. खरवडूनही शंका राहिली तर त्या कड्या कापून टाकायच्या.

आत्याच्या पैंजणाच्या तीन कड्या कापल्या. नव्या घालायला तेवढ्या टंचाची तार नव्हती, म्हणून उरलेलंच जोडून दिलं. आता ते बोटभर आखूड झालंय. आत्या दिवाळीला घालून आली होती, म्हणाली, “पायाला सूज नसेल त्या दिवशी बसतं.”